मणका हातात दिला की सगळं विसरतं

पत्र : मॅडम, मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. मानेचे मणके आणि कवटी मी तोंडपाठ केले होते, मैत्रिणींना धडाधड म्हणून दाखवत होते. वायवाला (तोंडी परीक्षेत) सरांनी ट्रेमधून अ‍ॅटलास (मानेचा पहिला मणका) उचलून माझ्या हातात ठेवला आणि मी तो उलटा धरला. ‘असा असेल तर डोकं कुठे बसवशील?’ असं त्यांनी विचारलं, तर मला एक शब्द सुचेना. मग त्यांनी कवटीचा तळ पुढे केला. ती सगळी भोकं मला सारखीच दिसत होती. आता तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे. मैत्रीण म्हणते, आपल्याला मान पुरते, कवटी डॉक्टर होणाऱ्यांना लागते, ती सोडून दे. हाडांचा स्वतःचा सेट घेऊ का? निमोनिक्स (अक्षरांवरून आठवायच्या युक्त्या) पाठ करू का? खरं सांगा, मला हे जमेल का?

उत्तर :

अगं, तुझ्या सरांचा प्रश्न मला फार आवडला. ‘याचे भाग सांग’ असं न विचारता त्यांनी ‘डोकं कुठे बसवशील’ असं विचारलं. म्हणजे त्यांना यादी ऐकायची नव्हती. तुझ्याकडे नेमकी यादीच होती, तीही चांगली पाठ. घोटाळा एवढाच झाला. तो निस्तरायला तीन आठवडे भरपूर आहेत, तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते : जमेल. फक्त अभ्यासाची रीत बदलावी लागेल.

आज पुस्तक मिटून ठेव आणि स्वतःच्या मानेला हात लाव. डोक्याच्या मागे मधोमध बोट टेकव आणि हळूहळू खाली ये. हाडाचा एक उंचवटा लागेल. हा एक्स्टर्नल ऑक्सिपिटल प्रोट्युबरन्स. काहींचा ठसठशीत असतो, काहींचा जेमतेम कळतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी आडवी जाणारी कड म्हणजे सुपीरियर न्यूकल लाइन. ट्रॅपेझियस या मान-खांद्याच्या स्नायूचे वरचे तंतू इथून निघतात आणि मानेच्या बाजूचा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड स्नायूही या कडेपर्यंत पोचतो. उंचवट्याच्या खाली बोट एका खळग्यात उतरेल. इथे कितीही चाचपलंस तरी हाड लागणार नाही, सगळं मऊच लागेल. कारण अ‍ॅटलासला मागे काटाच नसतो. स्पायनस प्रोसेसच्या, म्हणजे या काट्याच्या, जागी इवलासा पोस्टेरियर ट्युबरकल असतो आणि तोही स्नायूंच्या आड खोल. खळग्याच्या खाली जे पहिलं भक्कम हाड बोटाला लागतं ते अ‍ॅक्सिसचं. म्हणजे वरून येताना हाताला लागणारा पहिला मणका हा प्रत्यक्षात दुसरा असतो. मानेचे सात मणके वरून खाली सी-१ ते सी-७ असे मोजतात. हे एकदा बोटाला कळलं की ‘सी-१ला स्पायनस प्रोसेस नसतो’ हे वाक्य वेगळं पाठ करायची गरजच उरत नाही.

आणखी खाली ये. सी-३, सी-४, सी-५ यांचे काटे आखूड असतात, त्यात मानेचा बाक पुढच्या बाजूला असल्याने ते आत दडतात, वर न्यूकल लिगामेंट असतं ते वेगळंच. इथे मोजत बसलीस तर हमखास चुकशील. मानेच्या पायथ्याशी मात्र दोन उंचवटे ठळकपणे लागतात आणि खरी फसगत तिथे होते. सगळ्यांत वर आलेला तो सी-७, असं आपण शिकतो. पण पुष्कळांमध्ये टी-१, म्हणजे छातीचा पहिला मणका, त्याच्याहून जास्त वर आलेला असतो. मग ओळखायचं कसं? लागोपाठच्या काट्यांवर एकेक बोट ठेव आणि मान सावकाश मागे ने. सी-६चा काटा बोटाखालून पुढे सटकतो, सी-७ जागचा हलत नाही. आधी स्वतःवर करून बघ, मग विचारून मैत्रिणीवर. आणि ही परीक्षेपुरती गंमत नाही, कामाला लागलीस की रोज या उंचवट्यावरून बाकीचे मणके मोजशील.

बाजूने बघायचं तर कानामागचा हाडाचा उंचवटा मॅस्टॉइड आणि जबड्याचा कोन यांच्यामधल्या खाचेत हलकं बोट टेकव. खोलवर काहीतरी टणक लागेल, ते अ‍ॅटलासच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसचं, म्हणजे बाजूला निघालेल्या फाट्याचं टोक. दाबू नकोस, चांगलंच दुखतं. पुढून हायॉइडची (जिभेखालच्या हाडाची) पातळी सी-३, थायरॉइड कार्टिलेजची (कंठमण्याची) वरची कड सी-४, क्रायकॉइड (त्याखालचं कड्यासारखं कार्टिलेज) सी-६. क्रायकॉइडची पातळी पक्की ठेव, कारण तिथे एकदम दोन गोष्टी घडतात : स्वरयंत्र संपून श्वासनलिका सुरू होते आणि घसा संपून अन्ननलिका. सी-६च्याच ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर पुढे जो मोठा उंचवटा असतो त्यावर कॅरोटिड धमनी दाबता येते, म्हणून त्याला कॅरोटिड ट्युबरकल म्हणतात. ती दाबून बघायची हौस मात्र करू नकोस.

आता तो अ‍ॅटलास पुन्हा हातात घेऊ या.

मणका म्हटलं की डोळ्यांसमोर बॉडी (पुढचा भरीव भाग) येते, आणि इथे नेमकी तीच नाही. काटाही नाही. राहिलं काय, तर एक कडं. दोन्ही अंगांना जाडजूड लॅटरल मास, पुढे आखूड कमान, मागे लांब कमान. पुढची कमान कड्याचा साधारण पाचवा हिस्सा, मागची दोन पंचमांश. म्हणजे आखूड कमान कुठे आहे ते पाहिलंस की पुढचं-मागचं ठरलं. खात्री हवी असेल तर आखूड कमानीच्या आतल्या बाजूला बघ, मधोमध एक गुळगुळीत गोल ठिकाण दिसेल. तिथे अ‍ॅक्सिसचा डेन्स, म्हणजे वर आलेला दातासारखा खुंटा, टेकतो.

वर-खाली ठरवायला अंगठा वापर. लॅटरल मासवरून दोन्ही बाजूंनी अंगठा फिरव. एका बाजूला लांबट, मूत्रपिंडाच्या आकाराचा, चांगला खोलगट पृष्ठभाग लागेल. दुसऱ्या बाजूला गोलसर आणि जवळजवळ सपाट. कवटीच्या तळाशी फुगीर कॉन्डाइल असतात. फुगीर भाग खोलगटातच बसणार, तेव्हा खोलगट बाजू वर. झुलत्या खुर्चीच्या खालच्या बाकदार पट्ट्या जशा पुढे-मागे डुलतात, तसे हे कॉन्डाइल त्या खाचांमध्ये डुलतात आणि आपली मान होकारार्थी हलते. पण खाचा खोल असल्यामुळे तिथे डोकं फिरवता येत नाही. फिरण्याचं काम खालच्या सपाट सांध्याकडे. होकार वरच्या सांध्यात आणि नकार खालच्या, एवढं डोक्यात असलं तर फॅसेटचा (सांध्याच्या पृष्ठभागाचा) आकार तुझा तुला सांगता येईल.

दुसरी खूण मागच्या कमानीवर आहे. लॅटरल मासच्या लगेच मागे, कमानीच्या वरच्या अंगावर एक आडवी खोबण असते. व्हर्टिब्रल धमनी त्यातून जाते. खोबण वर असली पाहिजे. सरांना उत्तर देताना या दोन्ही खुणा दाखव, एकीवर थांबू नकोस.

अ‍ॅटलासची बॉडी गेली कुठे, हा मला अख्ख्या अ‍ॅनाटॉमीतला सगळ्यात देखणा प्रश्न वाटतो. ती गेली अ‍ॅक्सिसकडे. गर्भात पहिल्या मणक्याच्या बॉडीचा जो भाग व्हायचा, तो अ‍ॅटलासला न राहता दुसऱ्या मणक्याच्या बॉडीला जाऊन चिकटतो आणि डेन्स बनतो. म्हणजे आपण मान डावी-उजवीकडे वळवतो तेव्हा अ‍ॅटलास त्याच्याच हरवलेल्या बॉडीभोवती फिरत असतो! मानेच्या एकूण फिरण्यापैकी जवळपास निम्मं या एका जागी होतं. कवटी आणि अ‍ॅटलासमध्ये गादी नसते, अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिसमध्येही नसते. पहिली गादी सी-२ आणि सी-३च्या मध्ये. का, ते आता तूच सांग : गादी बसते दोन बॉडींच्या मध्ये, आणि अ‍ॅटलासला बॉडीच नाही.

डेन्सला जागेवर धरून ठेवतं ते ट्रान्सव्हर्स लिगामेंट. ते एका लॅटरल मासच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्यापर्यंत, डेन्सच्या मागून ताणलेलं असतं. त्याच्या मागे मज्जारज्जू. या पातळीवर कड्याच्या आतली जागा ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागतात : एक वाटा डेन्सचा, एक मज्जारज्जूचा, एक मोकळा. हा मोकळा वाटा म्हणजे माणसाची शिल्लक. लिगामेंट सैल झालं की डेन्स मागे सरकू लागतो आणि ही शिल्लक संपत जाते. जुन्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये असं होऊ शकतं, डाउन सिंड्रोम असलेल्या काहींमध्ये ते लिगामेंट मुळातच ढिलं असतं. अशा माणसाच्या मानेला झटका देणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून मानेला हात लावण्याआधी विचारायचं असतं : हातापायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, बटणं लावताना बोटं अडखळतात का, पडणं-आपटणं झालं होतं का, सांध्यांचा जुना आजार आहे का. उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर, मग आपण. हे प्रश्न तुला पुढच्या वर्षांत शिकवतील, पण त्यांची मुळं या एका हाडात आहेत.

अ‍ॅटलास मोडतो कसा, हेही त्याचा आकारच सांगतो. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारला की सगळा भार कॉन्डाइलमधून दोन्ही लॅटरल मासवर येतो. त्यांचे पृष्ठभाग तिरके असल्यामुळे ते बाहेरच्या अंगाला ढकलले जातात आणि कडं कमानींपाशी तुटतं. जेफ्री जेफरसन या ब्रिटिश सर्जननी १९२० मध्ये या फ्रॅक्चरवर लिहिलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. यात कडं बाहेरच्या बाजूला फाकतं, आतली जागा आक्रसत नाही, त्यामुळे मज्जारज्जू पुष्कळदा बचावतो. वायवात हे सांगितलंस तर सर दुसरा प्रश्न विचारायच्या आधी जरा थांबतील.

सी-३ ते सी-६ यांच्यावर फार वेळ घालवू नकोस, एक नीट आला की चारही आले. बॉडी लहान आणि आडवी रुंद, मधली पोकळी तिकोनी आणि ऐसपैस, काट्याचं टोक दुभंगलेलं. पण ट्रान्सव्हर्स प्रोसेसमधलं भोक लक्ष देऊन बघ. कुठल्याही मणक्याच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसला भोक दिसलं की तो मानेचाच. व्हर्टिब्रल धमनी बहुतेकांत सी-६च्या भोकातून आत शिरते आणि एकेक मजला चढत अ‍ॅटलासपर्यंत जाते. तिथे लॅटरल मासला मागून वळसा घालून त्या खोबणीतून कवटीत शिरते. आत गेल्यावर डावी-उजवी दोघी मिळून एकच बॅसिलर धमनी होते. सी-७लाही भोक असतं, पण ते लहान. त्यातून धमनी जात नाही, बारीक शिरा जातात.

बॉडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या दोन्ही कडा उचललेल्या दिसतील. ते अन्सिनेट प्रोसेस. वय वाढतं तशी तिथे हाडाची वाढ होते, शेजारून बाहेर पडणाऱ्या नसेची (नर्व्हची) वाट अरुंद होते आणि कळ मानेऐवजी हातात जाते. इथेच पोरं मणक्याचा आणि नसेचा आकडा एकमेकांत घुसळतात. मणके ७, नसांच्या जोड्या ८. पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सी-७च्या खालून. म्हणून सी-५ आणि सी-६च्या मधली गादी सरकली तर सहावी नस दाबली जाते. सहावीचं क्षेत्र अंगठ्याकडे, सातवीचं मधल्या बोटाकडे, आठवीचं करंगळीकडे. रोजच्या कामात यातलं सगळ्यात जास्त हेच वापरशील.

हे आकडे पाठ करताना कंटाळा आला तर एवढं लक्षात घे की जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात. सस्तन प्राण्यांमध्ये स्लॉथ आणि मॅनटी सोडले तर बहुतेक सगळ्यांचा आकडा हाच.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येते. कवटी सोडायची नाही. सगळी कवटी एकदम डोक्यात घालायचीही नाही. कवटीत २२ हाडं, त्यातली ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची. तुला चेहऱ्याची सध्या वरवर चालतील. तुझं खरं काम तळाशी आहे, आणि तो तळ मानेचाच वरचा मजला आहे. मैत्रिणीला एकच प्रश्न विचार : अ‍ॅक्सेसरी नर्व्ह (कवटीतून निघणाऱ्या बारा नसांतली अकरावी) कुठून कुठे जाते? तिचा स्पायनल भाग मानेतल्या वरच्या पाचेक सेगमेंट्समधून निघतो, फोरॅमेन मॅग्नममधून (कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून) वर कवटीत चढतो, मग ज्युग्युलर फोरॅमेनमधून पुन्हा खाली उतरतो आणि स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड व ट्रॅपेझियसला पोचतो. या दोन स्नायूंशिवाय फिजिओथेरपिस्टचा एक दिवस जात नाही. मान आणि कवटी वेगळे धडे म्हणून छापलेले असतात ते छपाईच्या सोयीसाठी.

भोकं सारखी दिसली, याचं कारण तू सगळी एकाच वेळी बघितलीस. कवटी दोन्ही हातांनी उलटी धर, खाली जाड कापड घाल. दात, टाळू वगैरेंवर कागद झाकून टाक. डोळ्यांसमोर फक्त फोरॅमेन मॅग्नम राहू दे. ते पुढून मागे साधारण ३.५ सेंटिमीटर, आडवं ३ सेंटिमीटर. त्याच्या कडेवर, पुढच्या अर्ध्या भागात दोन फुगीर कॉन्डाइल. त्यांच्यावर अ‍ॅटलास बसवून बघ, खाचा बरोबर जुळतात. अर्थात हाडं एकाच माणसाची असतील तर! ट्रेमध्ये ती सहसा वेगवेगळ्या माणसांची असतात, तेव्हा थोडी फट दिसली म्हणून घाबरू नकोस.

इथून बाहेरच्या दिशेने एकेक पाऊल टाक. कॉन्डाइलच्या मुळाशी, वरच्या अंगाला एक बोगदा आहे तो हायपोग्लॉसल कॅनाल, त्यातून कवटीच्या त्या बारा नसांतली बारावी नस जिभेकडे जाते. त्याच्या बाहेरच्या बाजूला वेडीवाकडी फट म्हणजे ज्युग्युलर फोरॅमेन : नववी, दहावी, अकरावी नस आणि इंटर्नल ज्युग्युलर शीर. त्याच्या लगेच पुढे कॅरोटिड कॅनालचं गोल तोंड. म्हणजे रक्त आत नेणारी वाट आणि बाहेर आणणारी वाट शेजारी-शेजारी. आणखी बाहेर सरकलीस की स्टायलॉइडची सुई आणि मॅस्टॉइड, आणि त्या दोघांच्या मध्ये लपलेलं स्टायलोमॅस्टॉइड फोरॅमेन. सातवी नस तिथून चेहऱ्याकडे निघते. ही वाट दिवसाकाठी दोनदा मोठ्याने बोलत चाललीस की चार दिवसांत बोटं न अडखळता फिरतील. मग कागद काढ आणि पुढची ओव्हेल, स्पायनोझम ही भोकं बघ.

नवजात बाळाला मॅस्टॉइडचा हा उंचवटा नसतोच. बाळ मान धरू लागतं, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड ओढायला लागतो, तसा तो पुढे वाढतो. तोवर सातवी नस कातडीच्या अगदी जवळ असते, म्हणून चिमट्याने होणाऱ्या बाळंतपणात तिला इजा व्हायची भीती असते. ऑक्सिपिटल हाडही जन्मतः चार तुकड्यांत असतं. ऑसिफिकेशनबद्दल (हाड कसं घडत जातं त्याबद्दल) तुझ्या वर्षाला यापेक्षा फार खोलात जाऊ नये असं माझं मत आहे. त्या तक्त्यांपायी मुलं रात्री घालवतात आणि अ‍ॅटलास उलटा धरतात. तुला टोमणा नाही हं.

कवटीच्या बाजूची एक जागा मात्र सोडू नकोस. टेरिऑन. फ्रंटल, पराएटल, टेम्पोरल आणि स्फिनॉइड ही चार हाडं तिथे जवळ येतात, हाड पातळ असतं आणि आतून मिडल मेनिंजिअल धमनीची फांदी जाते. कानशिलावरचा मार का वाईट, ते इथे कळतं.

फोरॅमेन मॅग्नम कवटीच्या तळाशी का, हा प्रश्न तुझ्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत ते मागच्या बाजूला असतं, डोकं कण्याच्या पुढे लोंबकळतं. आपण दोन पायांवर उभे, म्हणून ते खाली. दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगला सापडलेली एका लहान मुलाची अश्मीभूत कवटी तपासून रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये जे मांडलं, त्यात हा एक मोठा आधार होता : भोक पुढच्या बाजूला सरकलेलं, म्हणजे हे मूल ताठ चालत असणार. तरीही आपल्या डोक्याचा तोल अगदी कॉन्डाइलवर पडत नाही, थोडा पुढे पडतो. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. बसल्या बसल्या डुलकी लागली की हनुवटी छातीवर येते ती म्हणूनच. जागेपणी मागचे स्नायू ते डोकं सतत धरून ठेवतात. त्यातले अगदी वरचे, ऑक्सिपिटलच्या खालचे चिमुकले सबऑक्सिपिटल स्नायू तर ताकदीपेक्षा डोक्याची स्थिती मेंदूला कळवण्याच्याच कामाचे. मान पुढे काढून तासन्‌तास स्क्रीनकडे बघणाऱ्यांचं डोकं मागून का दुखतं, त्याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आता तुझे व्यवहाराचे प्रश्न. खऱ्या हाडांचा सेट घेऊ नकोस. ती कुणाच्या तरी देहाची असतात, ती कुठून आली हे विकणारा सांगेलच असं नाही, आणि त्याला कायद्याची बाजूही आहे. कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्युझियममध्ये खरी हाडं आहेत. परवानगी घेऊन तिथे बस. घरी प्लास्टिकची चालतात. फक्त स्वस्त साच्यांत बारीक भोकं बुजलेली असतात, तेव्हा हायपोग्लॉसल कॅनालमधून तार आरपार जाते का ते बघूनच घे. खऱ्या कवटीत मात्र तार, पेन्सिल काही घालू नकोस, आणि डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून ती उचलू नकोस, आतली हाडं कागदासारखी पातळ असतात. मोबाइलवरची अ‍ॅप्स नाती समजायला उत्तम, पण स्क्रीनवरचा अ‍ॅटलास तुला कधी उलटा दिला जात नाही.

निमोनिक्स बारा नसांच्या क्रमापुरते ठेव. हाडासाठी त्यांचा उपयोग नाही, कारण हाड अक्षरं घेऊन येत नाही. त्याऐवजी सातही मणके एका कापडी पिशवीत घाल, न बघता हात घाल, एक पकड आणि पिशवीतच असताना तो कुठला, पुढची बाजू कुठली, वरची कुठली ते सांग. मग बाहेर काढून पडताळा घे. मैत्रिणीला समोर बसवलंस तर तिचाही फायदा होईल, आणि ती कवटीबद्दलचं मत बदलेल अशी मला आशा आहे.

वायवात हाड मिळालं की लगेच बोलायला लागू नकोस. ते आधी स्वतःच्या मानेजवळ नीट धर, जसं शरीरात असतं तसं. दोन क्षण गेले तरी कुणी मार्क कापत नाही. मग म्हण : हा मानेचा मणका, कारण ट्रान्सव्हर्स प्रोसेसला भोक आहे. हा अ‍ॅटलास, कारण बॉडी नाही, काटाही नाही. आखूड कमान पुढे. खोलगट फॅसेट आणि धमनीची खोबण वर. ‘कारण’ हा शब्द प्रत्येक वाक्यात येऊ दे. तू कारण देत गेलीस की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा त्या कारणावरच येतो, आणि तो तुला येत असतो.

अ‍ॅटलास एकदा चुकला म्हणून तू आता त्याच्याच मागे लागशील, तेव्हा एक सावध करून ठेवते. फेरपरीक्षेत सर सी-७ पुढे करण्याची शक्यताही तेवढीच आहे, कारण तो टी-१ म्हणून खपतो. दोघांचाही काटा लांब, दोघांचंही टोक न दुभंगलेलं. काट्याकडे बघूच नकोस. आधी ट्रान्सव्हर्स प्रोसेसला भोक आहे का ते बघ, लहान का असेना. मग बॉडीच्या बाजूला बरगडी टेकायची गुळगुळीत जागा आहे का ते बघ. भोक असेल आणि जागा नसेल तर सी-७. भोक नाही आणि जागा आहे, तर टी-१. आणि सी-७च म्हणालीस तर पुढचा प्रश्न सर्व्हायकल रिबचा येईल : काहींमध्ये या मणक्याला एक जादा बरगडी फुटते आणि हाताकडे जाणाऱ्या नसा किंवा रक्तवाहिनी तिथे दाबल्या जाऊ शकतात. तेवढं वाचून जा.